मोडीतील संगणक आणि पडद्यावरील सर्वज्ञता : ‘सेज’ यंत्रणेच्या चित्रपटीय पुनर्वापराची चिकित्सा

प्रस्तावना

चित्रपटाच्या समीक्षेत कथानक, दिग्दर्शन, अभिनय आणि छायाचित्रण यांची जितकी चर्चा होते तितकी नेपथ्यातील वस्तूंची होत नाही. वस्तू ही प्रसंगाची गरज म्हणून येते आणि प्रसंगाबरोबरच विसरली जाते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. तथापि काही वस्तू एका चित्रपटातून दुसऱ्या चित्रपटात, एका दशकातून पुढच्या दशकात वावरत राहतात. त्यांच्या वाट्याला संवाद येत नाही, श्रेयनामावलीत त्यांचे नाव नसते. परंतु प्रेक्षकाच्या मनातील एखाद्या संकल्पनेला दृश्यरूप देण्याचे काम त्या करीत असतात. अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी १९५० च्या दशकात उभारलेल्या एएन/एफएसक्यू-७ या संगणकाची पॅनेले ही अशा वस्तूंपैकी होत. ‘द टाइम टनेल’ (१९६६-६७) ही दूरचित्रवाणी मालिका, तसेच ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ (१९७४), ‘लोगन्स रन’ (१९७६), ‘वॉरगेम्स’ (१९८३) आणि ‘इंडिपेंडन्स डे’ (१९९६) हे चित्रपट, एवढ्या भिन्न प्रकृतीच्या कलाकृतींत या यंत्राचे सुटे भाग ‘भविष्यकालीन संगणक’ म्हणून वापरले गेले आहेत.

कोणत्या चित्रपटात कोणते पॅनेल दिसते याच्या याद्या हौशी संशोधकांनी मोठ्या चिकाटीने केल्या आहेत. त्यांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की या याद्या ओळख पटवून थांबतात. ओळख पटल्यानंतर जो प्रश्न उभा राहतो, तो त्या विचारीत नाहीत. जे दिवे यंत्रातील बिघाड शोधण्यासाठी बसवले होते, ते पडद्यावर यंत्राच्या बुद्धीचे चिन्ह कसे बनले? आणि या रूपांतरात नेमके काय गाळले गेले? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुषंगाने काही निवडक कलाकृतींचा विचार केला आहे.

यंत्राचे मूळ कार्य

ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत रशियाने अणुबॉम्बची पहिली चाचणी केली आणि उत्तर ध्रुवाच्या मार्गाने येणाऱ्या बॉम्बफेकी विमानांची भीती अमेरिकेच्या संरक्षण धोरणाच्या केंद्रस्थानी आली. या भीतीतून ‘सेमी-ऑटोमॅटिक ग्राउंड एन्व्हायर्न्मेंट’ म्हणजेच संक्षेपाने ‘सेज’ ही यंत्रणा जन्मास आली. तिची पायाभरणी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या ‘व्हर्लविंड’ संगणकाने केली. पुढील विकास लिंकन लॅबोरेटरीत झाला आणि यंत्रांची निर्मिती आयबीएमने केली. दूरदूरच्या रडार केंद्रांकडून टेलिफोनच्या तारांवरून आलेली माहिती एकत्र करून आकाशाचे चित्र तयार करणे आणि लढाऊ विमानांना शत्रूच्या मार्गावर धाडणे, हे या यंत्राचे काम होते.

यंत्राचा आकार आज कल्पनेपलीकडचा वाटतो. एका संगणकाचे वजन सुमारे २५० टन होते. त्यात निर्वात नलिकांची संख्या ४९,००० च्या घरात होती. त्याला सुमारे ३ मेगावॉटपर्यंत वीज लागे. बिनखिडक्यांच्या चार मजली काँक्रीट इमारतीत तो बसवला जाई. पहिले केंद्र १९५८ मध्ये न्यू जर्सीतील मॅकग्वायर तळावर कार्यान्वित झाले. या अवाढव्यतेपेक्षा येथे महत्त्वाची आहे ती त्याच्या दोन दर्शनी भागांमधील भिन्नता.

पहिला भाग म्हणजे संचालकाचा कन्सोल. गोल पडद्यावर विमानांची चिन्हे उमटत. समोर बसलेला हवाई दलाचा माणूस हातातील ‘लाइट गन’ त्या चिन्हावर रोखून यंत्राला प्रश्न करी किंवा आज्ञा देई. कन्सोलमध्ये सिगारेट पेटवण्याची आणि राख झाडण्याची सोयही अंतर्भूत होती. काळ्याभोर खोलीत रात्रपाळी करणाऱ्या, कंटाळणाऱ्या, धूम्रपान करणाऱ्या माणसाला गृहीत धरून यंत्र बनवले होते, हे या एका तपशिलावरून ध्यानात येते. यंत्रणेच्या नावातील ‘सेमी’ हा शब्द म्हणूनच अर्थपूर्ण आहे: निर्णयाचा अर्धा भाग माणसाकडे ठेवला होता.

दुसरा भाग म्हणजे तपासणीची व देखभालीची पॅनेले. त्यांवर निऑन दिव्यांच्या रांगा असत. प्रत्येक दिवा यंत्राच्या एखाद्या नोंदस्थानातील एक अंक, शून्य किंवा एक, दाखवी. हे दिवे शत्रूकडे पाहण्यासाठी नव्हते. ते तंत्रज्ञाने यंत्राकडे पाहावे म्हणून होते. हजारो नलिकांपैकी एखादी निकामी होणे ही रोजची बाब होती. विद्युतदाब मुद्दाम कमी-अधिक करून, दुबळी नलिका प्रत्यक्ष बंद पडण्याआधीच हुडकून काढण्याची पद्धत व्हर्लविंडच्या काळातच बसवली गेली होती. शिवाय प्रत्येक केंद्रात दोन संगणक असत, एक कामावर आणि दुसरा राखीव. या दक्षतेमुळे यंत्रणा वर्षाकाठी केवळ काही तास बंद राही, ही त्या काळातील असामान्य कामगिरी होती. परंतु ती यंत्राच्या अचूकतेची नव्हे, तर ते चुकणारच हे मान्य करून घेतलेल्या मानवी श्रमाची कामगिरी होती. लुकलुकणारा दिवा हे त्या श्रमाचे साधन होते.

विडंबना अशी की यंत्रणा पुरती उभी राहण्याआधीच तिचे प्रयोजन डळमळले. ऑक्टोबर १९५७ मधील स्पुटनिकने आंतरखंडीय क्षेपणास्त्रांचे युग समोर आणले, आणि सेजची रचना विमानांसाठी होती. १९६० ते १९६२ या काळात ‘स्काय शील्ड’ नावाचे भव्य हवाई सराव झाले, त्यांसाठी नागरी विमानवाहतूकही काही तास थांबवण्यात आली. मात्र त्यांचे निष्कर्ष दीर्घकाळ गुप्त ठेवले गेले आणि प्रकट झाले तेव्हा मोठ्या संख्येने विमाने हा पहारा चुकवू शकली असती असे दिसून आले. १९६० च्या दशकातच काही केंद्रे बंद होऊ लागली. उरलेली केंद्रे १९८३ पर्यंत चालली. पॉल एडवर्ड्‌स यांनी ‘द क्लोज्ड वर्ल्ड’ (१९९६) या ग्रंथात सेजचे खरे यश लष्करी नसून वैचारिक होते, संपूर्ण संरक्षण शक्य आहे या विश्वासाला तिने आकार दिला, अशी मांडणी केली आहे. एडवर्ड्‌स यांनी चित्रपटांचाही विचार केला आहे; परंतु त्यांचे लक्ष कथानकांवर आहे, पडद्यावरील वस्तूंवर नाही. तो धागा पुढे नेणे आवश्यक वाटते.

पर्ल हार्बर पाहणारे यंत्र

निर्माता आयर्विन ॲलन यांना भंगाराची पारख होती, असे म्हटले तर ते अवमानकारक ठरू नये. साप्ताहिक मालिकेचा खर्च मर्यादित असतो. सुताराकडून बनवून घेतलेल्या पेटीला जो जडपणा येत नाही, तो खऱ्या पोलादी चौकटीला आपोआप येतो. बंद पडलेल्या केंद्रांमधून निघालेली पॅनेले अशा रीतीने ‘द टाइम टनेल’च्या नियंत्रणकक्षात आली. अर्थात ती आली तेव्हा त्यांच्यामागचा संगणक उरला नव्हता. दिवे नव्या जोडणीने लुकलुकत होते. त्यांत कोणताही अंक नव्हता, कोणतीही चूक नव्हती आणि म्हणून कोणताही अर्थही नव्हता.

मालिकेचे कथानक असे: ॲरिझोनाच्या वाळवंटाखाली गुप्त सरकारी प्रकल्प चालू आहे. टोनी न्यूमन आणि डग फिलिप्स हे दोन शास्त्रज्ञ भूतकाळात अडकतात. नियंत्रणकक्षातील सहकारी त्यांना पाहू शकतात, परंतु परत आणू शकत नाहीत. एकूण ३० भागांत हाच सापळा पुन्हा पुन्हा वापरला गेला. कथानकाच्या दृष्टीने ही एकसुरी युक्ती आहे, आणि मालिका एका हंगामातच संपली याचे आश्चर्य वाटू नये. परंतु नेपथ्याच्या दृष्टीने पाहता तीमध्ये एक प्रसंग असा आहे की ज्याचे महत्त्व निर्मात्यांच्याही ध्यानात आले असेल असे वाटत नाही.

‘द डे द स्काय फेल इन’ या भागात दोघे शास्त्रज्ञ ७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या आदल्या दिवशी तेथे जाऊन पोहोचतात. टोनीचे वडील तेथे नौदल अधिकारी आहेत. स्वतः टोनी तेव्हा लहान मुलगा होता. हल्ला येणार हे दोघांना ठाऊक आहे, पण ऐकणारा कोणी नाही. इकडे नियंत्रणकक्षात सहकारी हे सारे पाहत उभे आहेत आणि त्यांच्याभोवती सेजची पॅनेले लुकलुकत आहेत.

इतिहास असा की त्या सकाळी ओआहू बेटावरील ओपाना येथील रडारने येणारी जपानी विमाने प्रत्यक्ष टिपली होती. रडारवरील सैनिकांनी कळवलेही होते. परंतु आपलीच बी-१७ विमाने अपेक्षित आहेत असे समजून ती सूचना बाजूला सारली गेली. म्हणजे यंत्राने पाहिले, माणसाने अर्थ लावण्यात चूक केली. अनेक रडारांची नोंद एकत्र करून, ओळख पटवून, विलंब न लावता ती कृतीपर्यंत नेणारी यंत्रणा हवी, ही सेजमागील मागणी नेमक्या याच प्रकारच्या अपयशाला दिलेले उत्तर होती. अचानक होणाऱ्या हवाई हल्ल्याची भीती अमेरिकेत ज्या एका तारखेला जोडली गेली आहे, ती हीच. आणि मालिकेत ते उत्तर, त्याचे रिकामे कवच, त्या मूळ प्रश्नासमोर उभे केले आहे. ते पाहते आणि काहीही करू शकत नाही.

समीक्षकाने येथे सावध राहावयास हवे. हा अर्थ पटकथेत नाही. तो योगायोगाने निर्माण झाला आहे. तरीही तो पडद्यावर आहे. सर्वज्ञ परंतु असहाय यंत्राची जी प्रतिमा या भागात उमटते, ती सेजच्या वस्तुस्थितीच्या कितीतरी जवळ जाणारी आहे. मालिकेचे दुर्दैव असे की ती या असहायतेकडे केवळ पुढील आठवड्याची उत्कंठा म्हणून पाहते.

आठ वर्षांनंतर ॲलन यांनीच निर्मिलेल्या ‘द टॉवरिंग इन्फर्नो’मध्ये ही पॅनेले सॅन फ्रान्सिस्कोतील १३८ मजली इमारतीच्या नियंत्रणव्यवस्थेचा भाग होतात. आग लागते ती निकृष्ट दर्जाच्या तारा वापरल्यामुळे, खर्च वाचवण्याच्या हव्यासातून. येथे दिवे इमारतीच्या सुरक्षिततेची ग्वाही देतात आणि भिंतीआडच्या तारा जळतात. पॅनेलला याहून अधिक काम या चित्रपटात नाही.

माणसाविना यंत्र

‘लोगन्स रन’चे दिग्दर्शक मायकेल अँडरसन. २२७४ साली घुमटाखाली वसलेले एक नगर, तेथे तिशी गाठली की मृत्यू ठरलेला आणि सर्व कारभार संगणकाच्या हाती. नगर कोणी वसवले, संगणक कोणी घडवला, त्याची देखभाल कोण करतो, यांपैकी कशाचेही उत्तर चित्रपट देत नाही. अखेरीस लोगनने दिलेले खरे उत्तर संगणकाला स्वीकारता येत नाही आणि त्या विसंगतीपायी संपूर्ण नगर कोसळते.

सेजच्या मूळ रचनेशी ताडून पाहता हा विपर्यास लक्षणीय आहे. तपासणीचे पॅनेल म्हणजे तंत्रज्ञाची जागा. त्या पॅनेलसमोरून तंत्रज्ञाला हटवले की दिवे कोणासाठी लुकलुकतात हा प्रश्न उरतो, आणि चित्रपटाचे उत्तर असे की ते स्वतःसाठी लुकलुकतात, जणू यंत्र विचार करीत आहे. १९५६ मध्ये आयबीएमने सेजविषयी ‘ऑन गार्ड!’ हा प्रचारपट काढला होता. प्रचार असूनही त्यात यंत्रासमोर माणसे बसलेली आहेत. प्रचारपटाने जे दडवले नाही ते काल्पनिक चित्रपटांनी पुसून टाकले, आणि माणूस नसलेले, न चुकणारे, चुकले तर एकदमच कोसळणारे यंत्र ही कल्पना रूढ केली. प्रत्यक्षातील संगणक असा एकदम कोसळत नाही. तो हळूहळू, एकेका नलिकेने बिघडतो आणि कोणीतरी रात्री जागून तो दुरुस्त करीत असतो. ही दुरुस्ती पडद्यावर कधी आली नाही. ती नाट्यमय नाही, हे खरे. पण तिच्या अनुपस्थितीमुळे संगणकाला जो अधिकार प्राप्त झाला तो त्याने कमावलेला नव्हता.

या विवेचनावर एक आक्षेप स्वाभाविकपणे घेतला जाईल. पॅनेले स्वस्त होती, भाड्याने मिळत होती, प्रेक्षकाला ती कुठली आहेत हे ठाऊक नव्हते. मग भाड्याच्या वस्तूवर एवढा अर्थ का लादावा? आक्षेपात तथ्य आहे. मात्र तुलनेने पाहिल्यास त्याची मर्यादाही दिसते. ‘कोलोसस : द फोर्बिन प्रोजेक्ट’ (१९७०) या चित्रपटासाठी कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन या कंपनीने त्या काळी बाजारात असलेली आपली यंत्रे पुरवली होती. चालू काळातील यंत्रे उपलब्ध होऊ शकत होती, तरी जुन्या लष्करी पॅनेलांची मागणी १९९० च्या दशकापर्यंत टिकली. ‘इंडिपेंडन्स डे’च्या वेळी तर प्रत्येक कार्यालयात वैयक्तिक संगणक पोहोचला होता आणि संगणक कसा दिसतो हे प्रेक्षकास नीट माहीत होते. तरीसुद्धा जेथे सत्ता आणि गुप्तता दाखवावयाची तेथे दिव्यांच्या रांगाच हव्याशा वाटल्या. स्वस्ताई हे पहिल्या वापराचे कारण असू शकते. तीस वर्षांच्या सातत्याचे नव्हे.

दुसरे एक मत असे की लष्करी साहित्य मनोरंजनासाठी वापरले जाणे हे एक प्रकारे शस्त्रांचे नांगर करणेच होय. हे मत आकर्षक आहे, परंतु येथे लागू पडत नाही. नांगर जमीन नांगरतो. हे पॅनेल काहीच करीत नाही. त्याच्याकडून लष्करी कार्य काढून घेतले गेले, लष्करी दरारा मात्र तसाच ठेवला गेला.

व्हिटनी यांचा अपवाद

शस्त्राचा नांगर करणे म्हणजे काय, हे पाहावयाचे असल्यास थोडे मागे जावे लागते. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) या चित्रपटाची नामावली सॉल बास यांनी योजिली. तीतील फिरत जाणारी सर्पिल वलये जॉन व्हिटनी यांनी सिद्ध केली. त्यासाठी त्यांनी दुसऱ्या महायुद्धातील विमानवेधी तोफांना नेम पुरवणारे, मोडीत निघालेले ‘एम-५’ हे यांत्रिक गणकयंत्र वापरले. या यंत्रात सुमारे ११,००० भाग होते, वजन ८५० पौंड होते आणि युद्धात ते चालवण्यास पाच माणसे लागत. धावत्या विमानाचे पुढील स्थान सांगण्यासाठी जी अखंड, नियंत्रित गती आवश्यक असते, तीच गती व्हिटनींनी रेषा काढण्याच्या कामी लावली. पुढे अशाच लष्करी यंत्रभागांतून त्यांनी स्वतःची चित्रणयंत्रणा उभारली आणि ‘कॅटलॉग’ (१९६१) हा चित्रपट तयार केला.

या दोन पुनर्वापरांतील भेद मूलभूत आहे. व्हिटनींच्या हाती आलेले यंत्र पडद्यावर कोठेच दिसत नाही. दिसते ते त्याचे कार्य. सेजच्या बाबतीत नेमके उलटे घडले: यंत्र सर्वत्र दिसते आणि त्याचे कार्य कोठेच नाही. व्हिटनींना यंत्र आतून समजून घ्यावे लागले, कारण समजल्याशिवाय ते वळवता येत नव्हते. नेपथ्यकाराला पॅनेल समजून घेण्याची गरजच नव्हती. व्हिटनींचा मार्ग सर्वांना शक्य होता असे नाही. अडीचशे टनांचा संगणक कोणी घरी नेऊन जोडू शकत नाही. पण चित्रपटेतिहासाच्या ग्रंथांत संगणकचित्रणाचे जनक म्हणून व्हिटनींना स्थान मिळते आणि नेपथ्यातील संगणकाला तळटीपही मिळत नाही, ही विभागणी बरोबर नाही. संगणक म्हणजे काय याविषयीची सामान्य प्रेक्षकाची धारणा दुसऱ्या प्रकारानेच अधिक घडवली आहे.

‘वॉरगेम्स’ : घरी परतलेले पॅनेल

जॉन बॅडहॅम दिग्दर्शित ‘वॉरगेम्स’मध्ये ही कहाणी एका चमत्कारिक वळणावर येते. चित्रपटाचे घटनास्थळ आहे नोरॅड, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षणाचे मुख्यालय. ज्या संघटनेच्या सेवेसाठी सेजची केंद्रे चालली, तीच. म्हणजे सेजचे पॅनेल आपल्याच घराच्या नक्कलेत नट म्हणून परतले. चित्रपटातील प्रमुख संगणक ‘वॉपर’ हा मात्र खास चित्रपटासाठी बनवलेला, पूर्णतः नकली आहे. नकली यंत्र नायकाच्या जागी आणि एकेकाळी खरोखर देशाच्या आकाशावर पहारा देणारे यंत्र पार्श्वभूमीला, अशी ही भूमिकांची वाटणी आहे. ज्या वर्षी चित्रपट प्रदर्शित झाला, त्याच १९८३ साली सेजची अखेरची केंद्रे बंद झाली.

कथानकाचा आरंभही येथे महत्त्वाचा आहे. क्षेपणास्त्र सोडण्याची किल्ली फिरवताना एक अधिकारी कचरतो. म्हणून माणसाला निर्णयसाखळीतून वगळावे आणि सारे संगणकाकडे सोपवावे असे ठरते. सेजच्या नावातील ‘सेमी’ काढून टाकण्याचाच हा निर्णय आहे. या मालिकेतील अन्य चित्रपटांनी माणसाला न बोलता वगळले. ‘वॉरगेम्स’ने त्या वगळण्यालाच कथाविषय केले, हे त्याचे वेगळेपण मान्य करावयास हवे. येथे यंत्र कोसळत नाही, ते शिकते; आणि त्याला शिकवण्यासाठी त्याचा निर्माता व एक शाळकरी मुलगा हजर असावे लागतात.

पटकथाकार लॉरेन्स लास्कर आणि वॉल्टर पार्क्स यांनी लेखनाच्या काळात रँड या संशोधनसंस्थेतील विलिस वेअर यांचा सल्ला घेतला होता. सेजच्या आज्ञावली लिहिणारी सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही संस्था १९५७ मध्ये याच रँडमधून वेगळी झाली होती. बाहेरचा माणूस टेलिफोनच्या तारेवरून लष्करी संगणकात शिरू शकेल, ही चित्रपटातील कल्पना त्यामुळे निव्वळ कल्पनाविलास उरली नाही. जून १९८३ मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी कॅम्प डेव्हिड येथे हा चित्रपट पाहिला आणि काही दिवसांनी एका बैठकीत सेनादलप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष जनरल जॉन व्हेसी यांना विचारले की असे खरोखर घडू शकेल काय. आठवड्याभराने व्हेसी यांनी परिस्थिती वाटते त्याहून गंभीर असल्याचे सांगितले. सप्टेंबर १९८४ मध्ये संगणकीय माहितीच्या सुरक्षिततेसंबंधीचा ‘एनएसडीडी-१४५’ हा राष्ट्रीय सुरक्षा आदेश निघाला.

हा प्रसंग चित्रपटाच्या सामर्थ्याचा पुरावा म्हणून वारंवार सांगितला जातो. तो त्याहून अधिक गुंतागुंतीचा आहे. स्काय शील्डचे निष्कर्ष कुलूपबंद कपाटात पडून असताना, यंत्रणेच्या विश्वासार्हतेविषयीचा प्रश्न राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचला तो भाड्याच्या दिव्यांच्या उजेडात. त्या आदेशाने नागरी संगणकांवरही लष्करी गुप्तचर यंत्रणेला अधिकार दिल्यामुळे अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये विरोध झाला, आणि १९८७ च्या संगणक सुरक्षा कायद्याने नागरी संगणकांची जबाबदारी नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌स या नागरी संस्थेकडे सोपवली गेली. सेजचे कन्सोल आज कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर हिस्टरी म्यूझियममध्ये पाहावयास मिळते.